लखलखणारा राणीछाप रुपया : घेण्यापूर्वी काय पाहाल?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी अनेक घरांत कपाटातून एक लहानशी डबी बाहेर निघते. तिच्यात आजी-पणजीच्या वेळचे चार-सहा चांदीचे रुपये असतात. वर्षभरात ते काळवंडलेले असतात. मग ते चिंचेच्या कोळात बुडवायचे, भांड्यांची पावडर लावून घासायचे, की नव्यासारखे लखलखतात. पूजा होते आणि डबी परत कपाटात जाते. पुढे कधी तरी पैशांची गरज पडते, कुणी तरी सांगते की जुन्या नाण्यांना हल्ली चांगली किंमत येते, आणि ती डबी नाण्यांच्या व्यापाऱ्यासमोर उघडली जाते. तो एक-दोन नाणी उजेडात तिरकी धरून पाहतो आणि म्हणतो, "यांना चांदीचाच भाव मिळेल. घासलेली आहेत."

हे बऱ्याच जणांना पटत नाही. भांडे घासले तर त्याची किंमत कमी होत नाही, मग नाण्याचीच का व्हावी? पण खरेदी करताना आपण याच समजुतीमुळे फसतो. जत्रेत, जुन्या बाजारात किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत दोन रुपये शेजारी शेजारी असले, एक काळपट आणि एक आरशासारखा, तर हात आपोआप आरशासारख्या रुपयाकडे जातो. विकणाऱ्याला हे ठाऊक असते.

आधी हिशेब

इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. (आज अनेक सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात. तोळ्यात बोलणाऱ्याला आधी विचारावे की तोळा कोणता.) त्यात ९१.७ टक्के चांदी असे. म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या दराने गुणले की त्या नाण्याचा तळाचा भाव निघतो. हिशेबाच्या सोयीसाठी समजा, चांदी १०० रुपये ग्रॅम आहे, तर हा भाव १,०६९ रुपये. आता विक्रेता त्याच नाण्याचे ४,५०० रुपये मागत असेल, तर वरचे ३,४३१ रुपये तुम्ही चांदीसाठी देत नाही. ते तुम्ही दोन गोष्टींसाठी देता : नाणे दुर्मीळ असणे, आणि त्याचा पृष्ठभाग टांकसाळीतून निघाला तसा टिकलेला असणे. नाणे घासलेले असेल तर दुसरी गोष्ट संपलेली असते, आणि साल बनावट असेल तर पहिलीही. तळाचा भाव मात्र राहतो, अर्थात नाणे चांदीचे असेल तरच.

इथे आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. १९४० ते १९४५ या सालांचे सहाव्या जॉर्जचे रुपये वजनाला तेवढेच, ११.६६ ग्रॅम. पण त्यांत चांदी निम्मीच आहे, ५.८३ ग्रॅम. बाकी तांबे, निकेल आणि जस्त. घासून चकचकीत केले की ते व्हिक्टोरियाच्या रुपयाशेजारी खपून जातात. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, त्यात चांदी नाहीच. तेव्हा चेहरा पाहण्याआधी साल वाचा.

घासलेले नाणे कसे ओळखावे

नवे नाणे पाडताना ठसा प्रचंड दाबाने धातूवर आपटतो आणि धातू मध्यापासून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर राहतात. डोळ्यांना त्या रेषा म्हणून दिसत नाहीत, पण नाणे एका दिव्याखाली धरून हळूहळू कलवले, की उजेडाचा एक पट्टा नाण्यावर गोल फिरतो. रेशमी साडी हलवली की तिची झळाळी जशी जागा बदलते, तसा. टांकसाळीची खरी लकाकी ती हीच.

घासलेल्या नाण्यावर हा पट्टा फिरत नाही. सगळे नाणे एकदमच चमकते, किंवा एकदमच मंद होते. स्टीलचा नवा चमचा चमकतो तशी ती चमक असते. हा फरक वाचून कळणार नाही, पाहूनच कळेल. बँकेतून मिळालेले एक कोरे नाणे आणि घरातले एक घासलेले नाणे घ्या, खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकाच बल्बखाली दोन्ही कलवून पाहा. पाच मिनिटांत डोळा तयार होतो. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात किंवा विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत हे दिसत नाही. म्हणून फोटोवरून महागडे नाणे घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नंतर दहा पट मोठे दाखवणारे, सराफ वापरतात तसले भिंग घ्या. चेहऱ्याभोवतीच्या मोकळ्या सपाट जागेवर केसासारखे बारीक ओरखडे शोधा. हातोहात फिरलेल्या नाण्यावरही ओरखडे असतात, पण ते वेगवेगळ्या दिशांचे, कमी-जास्त खोल, कुठेही पडलेले. घासण्याचे ओरखडे एका दिशेने जातात किंवा गोलगोल, आणि झुंडीने असतात. तारेच्या फिरत्या ब्रशने चमकवलेल्या नाण्यावर तर अक्षरांच्या एका बाजूला धातू ढकलला जाऊन बारीकशी कड साचलेली दिसते.

तिसरी खूण सगळ्यांत सोपी आहे आणि तिला भिंगही लागत नाही. नाणे झिजले आहे का ते पाहा : राणीच्या केसांच्या बटा, मुकुटावरची नक्षी, कान, गाल. ही उंच ठिकाणे सपाट झाली असतील, तर ते नाणे कित्येक वर्षे हजारो हातांतून गेले आहे. अशा नाण्याला करडा, काळपट रंग यायलाच हवा, कारण हवेतल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. झिजलेले आणि तरीही पांढरे-लख्ख, हे दोन्ही एकत्र नैसर्गिकपणे होत नाही. घासणाऱ्याचा हात अक्षरांच्या कोपऱ्यांत, आकड्यांच्या पोटात आणि कडेच्या मण्यांच्या मधे पोचत नाही, म्हणून तिथे काळी मळी शिल्लक असते आणि बाकी सगळीकडे चकाकी. कधी याच्या उलटही असते. ॲसिडच्या पाण्यात बुडवलेले नाणे कोपऱ्यांसकट पांढरेफटक होते, पण निर्जीव दिसते, चुना लावल्यासारखे.

काळेपणाही विकत मिळतो, हे लक्षात असू द्या. घासलेले नाणे खपत नाही हे कळलेले विक्रेते त्याला पुन्हा काळे करतात. गंधकाची धुरी देतात, तापवतात किंवा रसायनात बुडवतात. खरा काळा थर अनेक वर्षांत हळूहळू चढतो. त्यात एका छटेतून दुसरी छटा निघते आणि ओरखड्यांच्या वर-खाली तो सारखा नसतो. बनावट थर एकसारखा, शाई सांडल्यासारखा असतो, आणि भिंगाखाली त्याच्या तळाशी घासण्याचे जुने ओरखडे चमकताना सापडतात. निळे-जांभळे भडक रंग दिसले तर घाईने पैसे काढू नका.

कडी, डाख आणि मुलामा

आपल्याकडे रुपयांच्या माळा करून घालण्याची रीत होती. सोनाराने रुपयाला वरून कडी लावलेली असे. आज माळ मोडून ते रुपये सुटे विकले जातात. कडी काढून, डाख कानसून, त्या जागी किनारीचे दाते पुन्हा कोरून ठेवतात. म्हणून नाणे घेताना त्याची कड पूर्ण फिरवून पाहा. किनारीवरच्या उभ्या रेघा सगळीकडे सारख्या अंतरावर आणि सारख्या खोल असायला हव्यात. बहुतेक वेळा कडी राणीच्या डोक्याच्या बरोबर वर असते, तेव्हा तिथे आधी पाहा. एखाद्या ठिकाणी रेघा दाट, तिरप्या किंवा बुजलेल्या असतील, धातूचा रंग किंचित निराळा असेल, तर ती जागा दुरुस्त केलेली आहे. भोक बुजवलेली नाणीही अशीच ओळखता येतात. बुजवलेल्या जागी अक्षर किंवा नक्षी हाताने कोरलेली असते आणि शेजारच्या छापाशी जुळत नाही.

काही रुपयांवर लहान लहान ठशांच्या खुणा असतात. त्या सराफांनी पूर्वी नाणे पारखताना मारलेल्या आहेत. त्याने संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते, पण ती फसवणूक नव्हे.

नाणे वाजवून घ्यावे असे जुनी माणसे सांगत. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच ठोकले, तर चांदीचा रुपया लांबवर खणखणतो. बद्द वाजला तर आत तडा, डाख किंवा दुसरा धातू असण्याची शक्यता असते. फरशीवर मात्र आपटू नका, कड चेपते.

साल बदललेली नाणी

दुर्मीळ साल म्हणजे मोठी किंमत, म्हणून सालावर हात चालतो. सर्वांत ठळक उदाहरण १९३९ च्या रुपयाचे. त्या सालचे रुपये फार थोडे बाहेर पडले, १९३८ चे मात्र सहज मिळतात. ८ चा खालचा गोल एका बाजूने कानसला की ९ तयार. तपासायचे सोपे आहे, कारण १९३९ या सालात ९ हा आकडा दोनदा येतो. दोन्ही ९ भिंगाखाली एकमेकांशी ताडून पाहा. शेपटीचे वळण, जाडी, उंची जुळते का? शेवटच्या आकड्याभोवतीची जागा जरा जास्तच गुळगुळीत किंवा खोलगट आहे का? तिथेच ओरखडे जमले आहेत का?

घासण्यामुळे प्रामाणिक नाण्याचेही सालाशी संबंधित नुकसान होते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत छापले जात राहिले, आणि मधल्या काळातली नाणी ओळखण्यासाठी त्यांवर बारीक टिंबे दिलेली आहेत. संग्राहक ती टिंबे मोजून किंमत ठरवतात. दर दिवाळीला पावडर लावून घासलेल्या रुपयावर ती टिंबे उरत नाहीत. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचेही असेच. राजाच्या झग्यावरचा चिमुकला हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, ओरड झाली, नाणे मागे घ्यावे लागले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून आला. त्या नाण्याची सगळी गंमत तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या हत्तीत आहे, आणि झग्याची नक्षी घासली की तो पहिला जातो.

नाण्यावरचा मजकूर आणि साल यांचा मेळ बसतो का, हेही पाहावे. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असे आहे. १८६२ साल आणि 'एम्प्रेस' एकत्र दिसले तर नाणे सरळ परत द्या. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि मागे राम-सीता-हनुमान असलेली अर्ध्या आण्याची 'नाणी' देशभर विकली जातात. असे नाणे कंपनीने कधी पाडलेच नव्हते. ती अलीकडे बनवलेली बिल्ले आहेत. काही महाभाग तीच तांदूळ ओढून घेतात असे दाखवून लाखोंच्या गोष्टी करतात, तिथे तर नाणे पाहण्याचीही गरज नाही.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांत टांकसाळीची खूण बदलतात. सालाखाली चौकटीच्या आकाराची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचे. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते, म्हणून त्यावर खूण चढवणे किंवा दुसऱ्याची खूण खरवडून काढणे, दोन्ही चालते. 'चुकीची छपाई' म्हणून विकली जाणारी अनेक नाणीही कारखान्यात नव्हे, एखाद्या गाळ्यात तयार होतात. दोन्ही बाजूंना तोच छाप असलेले नाणे दिसले तर आतल्या कडेने नखाने चाचपा. एक नाणे पोकळ करून त्यात दुसऱ्याची चकती बसवलेली असते, आणि तो सांधा लागतो.

धातू घरच्या घरी तपासता येतो का?

बऱ्यापैकी येतो. लोहचुंबक लावा, चांदी चिकटत नाही. चिकटले तर ते चांदीचे नाही. पण चिकटले नाही म्हणून चांदी, असेही नाही, कारण पितळ आणि तांबे-निकेलही चिकटत नाहीत. याहून चांगली कसोटी पाण्याची आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हवा. आधी कोरडे नाणे तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा. नाण्याला पातळ दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूंना टेकणार नाही असे हातात धरा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला उत्तर १०.३ च्या आसपास येते. ११.६६ ग्रॅमच्या नाण्याला काटा साधारण १.१३ दाखवतो. उत्तर ९.५ च्या जवळ आले तर निम्म्या चांदीचा, १९४० नंतरचा धातू. ९ च्या खाली आले तर तांबे, पितळ किंवा निकेल. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर दोरा हलवून घालवा, नाही तर उत्तर चुकते. या कसोटीने नाण्याला इजा होत नाही. सराफाच्या कसोटीच्या दगडावर घासून मात्र घेऊ नका, जे वाचवायचे तेच जाते.

पैसे देण्यापूर्वी

पावतीवर नुसते 'जुने नाणे १ नग' असे लिहून घेऊ नका. राजा किंवा राणी, साल, वजन, धातू आणि 'घासलेले किंवा दुरुस्त केलेले नाही' हे शब्द लिहून मागा, आणि किती दिवसांत परत घेणार तेही. जो सांगतो ते लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडून तळाच्या भावापेक्षा जास्त देऊ नये. अमेरिकेतल्या एनजीसी आणि पीसीजीएस या संस्था नाणे तपासून प्लास्टिकच्या बंद डबीत देतात आणि साफ केलेल्या नाण्याला नेहमीची प्रत न देता तसा शेरा मारतात. डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर ताडून पाहा, कारण डब्याही बनावट येतात. मात्र आपले जुने रुपये तपासायला किंवा नातेवाइकांना भेट म्हणून परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर थांबा. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

जुनी नाणी लाखोंना विकत घेतो, आधी नोंदणी शुल्क किंवा कर भरा, असा निरोप आला तर तो फसवणुकीचा समजा. रिझर्व्ह बँकेचे नाव त्यात असले तरीही. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँक पडत नाही आणि त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही, असा इशारा तिने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेले २०१२ चे पाच आणि दहा रुपये चलनातलीच नाणी आहेत. तुमच्या पाकिटात आले तर खर्चायलाही हरकत नाही.

घरातल्या डबीचे काय करावे?

जे आजवर घासले गेले ते परत येणार नाही, पण पुढचे थांबवता येते. पूजेसाठी वेगळे रुपये ठेवा. १९१२ ते १९२० या काळातले पाचव्या जॉर्जचे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. त्यातला झिजलेला एखादा पूजेला ठेवला आणि हवा तितका उजळवला तरी फारसे बिघडत नाही. बाकीच्यांना चिंच, लिंबू, सोडा, टूथपेस्ट काहीही लावू नका. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढा आणि मऊ सुती कापडावर टेकवून टिपा, चोळू नका. नाणे नेहमी कडेला धरा, बोटांच्या घामाचे ठसे काही महिन्यांनी काळे उमटतात. रबर बँडने गुंडाळू नका, रबरातल्या गंधकाने पट्टे पडतात. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, काही वर्षांनी त्यावर हिरवट चिकट थर धरतो. प्रत्येक नाणे वेगळ्या कोरड्या कागदी पाकिटात घालून बाहेर साल आणि वजन लिहा. त्याच कागदाची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, म्हणजे पुढच्या धनत्रयोदशीला डबी दुसऱ्या कुणी उघडली तरी ती चिंचेच्या कोळात जाणार नाही.